जुन्या गाडीला व्हील स्पेसर लावताना: आधी आटे मोजा

तुळजापूरला निघालो होतो. सोलापूर सोडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पुढच्या डाव्या चाकाकडून टक-टक आवाज यायला लागला. वेग वाढवला की टकटक भरभर, कमी केला की सावकाश. आईला वाटलं, डिकीत देवीचे नारळ गडगडतायत. तामलवाडीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, वाकून नटांना हात लावला, तर चारांपैकी दोन नट बोटांनी फिरत होते.

गाडी मारुती ८००, १९८७ सालची. पद्मिनी आणि अँबॅसेडरवाले आमच्या गाडीला क्लासिक म्हणायला तयार नसतात, ते असो. तिला मी हौसेने थोडी रुंद अलॉय चाकं घातली होती. टायर आतल्या बाजूने सस्पेन्शनच्या स्ट्रटला घासायला लागला, म्हणून हब (ज्यावर चाक बसतं तो गाडीचा गोल भाग) आणि चाक यांच्या मध्ये १० मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची चकती घातली. हाच व्हील स्पेसर. शहरातल्याच एका लेथवर ओतीव भंगारातून काढून घेतलेला, स्वस्तात. रस्त्याच्या कडेला तो काढला आणि पहिल्यांदाच नटाचे फेरे मोजले. स्पेसर नसताना नट अकरा फेरे बसत होता. स्पेसर घातल्यावर तीन. घरची चार माणसं तीन-तीन फेऱ्यांच्या भरवशावर घाटाकडे निघाली होती. चारही स्पेसर डिकीत टाकले आणि टायर घासत, तिसाच्या वेगाने घरी परतलो.

त्यानंतर हे काम नीट शिकून, पुन्हा पहिल्यापासून केलं. ते कसं करायचं, ते इथे लिहितो.

चाक कशावर टिकतं

बहुतेकांना वाटतं की चाक स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, लटकलेलं असतं, भिंतीतल्या खुंटीला छत्री लटकते तसं. तसं नाही. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, खड्ड्याचा दणका, हे सगळं त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं. दाब कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो-सरळ होतो, आणि तार वाकवून-वाकवून तोडतात तसा एक दिवस तुटतो.

स्पेसर घातला की एका सांध्याचे दोन सांधे होतात: हब आणि स्पेसर, स्पेसर आणि चाक. मध्ये रंगाचा थर, गंज, काळ्या मातीचा कण काहीही राहिलं तर पन्नास किलोमीटरमध्ये ते चेपतं आणि नट आपोआप ढिला होतो. नट फिरत नाही, त्याच्याखालची जागाच बसते. म्हणून चकती सुंदर आहे की नाही याला दुय्यम महत्त्व. तिचे दोन्ही चेहरे सपाट आणि स्वच्छ हवेत आणि स्टडवर पुरेसे आटे हवेत.

आधी ठरवा, गरज आहे का

चाक मडगार्डच्या बरोबरीने बाहेर दिसावं, एवढ्याच कारणासाठी स्पेसर घालणार असाल तर माझा सल्ला, नका घालू. आतून टायर किंवा रिम कशाला तरी घासतंय, किंवा ब्रेकचा कॅलिपर रिमला लागतोय, ही खरी कारणं. त्यातही पहिला पर्याय योग्य ऑफसेटचं रिम शोधण्याचा आहे.

रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी ३५' असं काहीतरी कोरलेलं असतं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा चेहरा यांच्यातलं हे अंतर, म्हणजेच ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. आकडा मोठा तितकं चाक आत. स्पेसरची जाडी त्यातून वजा होते: ईटी ३५ च्या रिमला १० चा स्पेसर म्हणजे ईटी २५ चं रिम बसवल्यासारखं. नव्या गाड्यांची अलॉय चाकं जुन्या गाडीला आत घुसतात ती बहुतेक याच आकड्यामुळे.

किंमत दुसरीकडेही मोजावी लागते. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर तरफेचा ताण जास्त. पुढच्या चाकांना स्टेअरिंग जड होतं, आणि एक चाक डांबरावर नि दुसरं बाजूच्या मुरमावर असताना ब्रेक मारला तर गाडी जास्त ओढते. मंगळवेढा किंवा मोहोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये हे हाताला कळतं. चाकोरी स्टेअरिंग हिसकावून घेते. माझ्या मते जुन्या हलक्या गाडीला ५ ते १० मिलिमीटरच्या पुढे जाऊच नये.

मोजमाप

गाडी सपाट फरशीवर लावा, हँडब्रेक ओढा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) लावा. चाक काढण्याआधी बेअरिंग पाहा. हे काम चाक हवेत असताना करायचं: वरून-खालून धरून हलवा. खुडखुड जाणवली तर स्पेसरचा विषय तिथेच थांबवा आणि आधी बेअरिंग आणि बॉल जॉइंट बघा. डावी-उजवीकडून धरून हललं तर स्टेअरिंगचा टाय रॉड एंडही बघा.

आता व्हर्निअर घ्या. पट्टीने हे काम होत नाही.

पहिलं माप पीसीडीचं, म्हणजे स्टडच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. मध्य डोळ्याने सापडत नाही, म्हणून एकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, तेच अंतर येतं. पाच स्टड असतील तर शेजारच्या दोघांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. जुन्या ८०० चा पीसीडी ११४.३, म्हणजे साडेचार इंच. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा १००. बाजारात '११२ चं आहे, ओढून बसवू' असं सांगणारे भेटतात. नमस्कार करून पुढे जायचं.

दुसरं, हबच्या मध्यभागी जो गोल उंचवटा असतो त्याचा व्यास आणि उंची. काही गाड्यांत चाक याच उंचवट्यावर मध्याला बसतं, काहींत नटाच्या शंकूवर, म्हणजे त्याच्या निमुळत्या तोंडावर. उंचवट्यावर बसणारं असेल तर स्पेसरच्या आत तेवढंच भोक आणि बाहेर तसाच उंचवटा हवा, नाहीतर स्पेसरच त्याला झाकून टाकतो आणि चाक अर्धा मिलिमीटर बाजूला बसतं. मग साठ-सत्तरच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि आपण उगाच तीन वेळा बॅलन्सिंग करून येतो.

तिसरं, स्टडचा व्यास आणि आट्यांची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. ८०० ला १२ मिलिमीटर, पिच १.२५. इतर बऱ्याच गाड्यांना १२ ला १.५ असते. हे दोन नट हातात सारखेच दिसतात आणि पहिले दोन फेरे एकमेकांच्या स्टडवर चढतातही. पाना लावून पुढे रेटलं की आटे गेले. जुन्या विलिस पठडीतल्या जीपवाल्यांनी आणखी एक बघावं: डाव्या बाजूला उलटे आटे असू शकतात, घड्याळाच्या दिशेने सैल होणारे.

चौथं, ज्याला सगळे विसरतात: ड्रम किंवा डिस्कच्या चेहऱ्यावर काय काय वर आलेलं आहे. ड्रम धरून ठेवणाऱ्या छोट्या स्क्रूचं डोकं, गंजाची कड, एखादी वाकडी क्लिप. स्टीलच्या रिमला मध्ये खोलगट जागा असते म्हणून अशा गोष्टी तिथे चालून जातात. सपाट स्पेसर मात्र स्क्रूच्या डोक्यावर टेकतो आणि एका बाजूने उचललेला राहतो. नट आवळल्यावर बाहेरून काहीच कळत नाही.

किती फेरे हवेत

हिशोब सोपा आहे. स्टडचा जेवढा व्यास, किमान तेवढी लांबी नटाने पकडलेली हवी. १२ च्या स्टडला १२ मिलिमीटर. पिच १.२५ असेल तर १२ भागिले १.२५, म्हणजे ९.६, म्हणून पूर्ण दहा फेरे. पिच १.५ असेल तर आठ.

माझ्या गाडीवर लावून पाहा. मूळचे अकरा फेरे. १० चा स्पेसर म्हणजे आठ फेरे गेले, राहिले तीन. ५ चा स्पेसर घातला असता तरी चार फेरे जाऊन सातच उरले असते, म्हणजे तोही मूळ स्टडवर चालणार नव्हता. 'पाच मिलिमीटरच आहे, त्याने काय होतं' म्हणणाऱ्याला हे गणित कागदावर करून दाखवा.

मोजताना नट हातानेच फिरवा. नटावर खडूची एक रेघ मारा, शंकू रिमच्या खाचेत टेकल्यापासून उलटा फिरवत नट सुटेपर्यंत रेघ किती वेळा वर आली ते मोजा. चारही स्टडवर. एखादा आधीच कोणी बदललेला आणि आखूड निघतो. फेरे कमी भरले तर लांब स्टड. दुसरा उपाय नाही.

ज्या गाड्यांना स्टडऐवजी बाहेरून घुसणारे बोल्ट आहेत त्यांना मूळच्यापेक्षा स्पेसरच्या जाडीएवढे जास्त लांब बोल्ट लागतात. तिथे उलटा धोकाही असतो. फार लांब बोल्ट आतून ब्रेकच्या भागाला घासतो. बसवल्यावर चाक हाताने फिरवून आवाज ऐका.

कुठला स्पेसर

दोन प्रकार. एक नुसती चकती, जी मूळ स्टडवरच सरकवतात. दुसरा, जो स्वतः मूळ स्टडवर वेगळ्या नटांनी आवळला जातो आणि चाक त्याच्यावरच्या नव्या स्टडवर बसतं. दुसऱ्याला साधारण २० मिलिमीटर जाडी लागते, कारण आतले नट त्याच्याच जाडीत लपायला हवेत. मूळ स्टड बाहेर डोकावत असतील तर रिमच्या पाठीला तेवढ्या खाचा हव्यात. ११४.३ च्या हबवर १०० ची चाकं चढवायची असतील तर हाच प्रकार लागतो. मला तो जुन्या छोट्या गाडीवर आवडत नाही. नटांचे दोन संच, आणि आतला संच चाक काढल्याशिवाय तपासताच येत नाही.

एकावर एक दोन चकत्या कधीच लावायच्या नाहीत. आणि ज्या चकतीला सगळे पीसीडी चालावेत म्हणून लांबट भोकांची चाळण केलेली असते, तिला भोकांपाशी धातूच उरलेला नसतो. पाच-सात नटांची नक्षी दिसली की ठेवून द्या.

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५ जातीचं घडीव किंवा सळईतून काढलेलं अॅल्युमिनियम, नाहीतर स्टील. ओतीव नको. सोलापुरात लेथची वानवा नाही. यंत्रमागांच्या कामावर वाढलेले हात आहेत, रोलर आणि दांडे डोळे मिटून मापात काढतात. अडचण हाताची नसते, मालाची असते. दुसऱ्या वेळी ज्या लेथवाल्या अण्णांकडे गेलो त्यांनी माझी जुनी चकती उजेडात धरली, कडेवर नख फिरवलं आणि टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोकं दाखवली.

"मालक, ही ओतताना हवा राहिलेली. रोलरला चाललं असतं. चाकाला चालतंय होय?"

मग म्हणाले, "माल तुम्ही आणा, बिलावर जात लिहिलेला. मी चेहरे काढून देतो. माल माझा असता तर मीच दिला नसता."

तयार, मापाचा आणि हबच्या उंचवट्यासकट मिळत असेल तर तोच घ्यावा. लेथवर करूनच घ्यायचा असेल तर अण्णांची अट पाळा, आणि दोन्ही चेहरे समांतर आहेत का ते तिथेच मोजून घ्या. काठावर आठ ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी बघायची. पाच शतांशापेक्षा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक आला तर पुन्हा लावायला सांगा.

लांब स्टड बसवणं

स्टडच्या मानेला उभे दाते असतात आणि ते हबच्या भोकात घट्ट रुततात. नव्या स्टडच्या मानेचा व्यास जुन्याशी जुळलाच पाहिजे. एका दशांशाने बारीक असला तरी नट आवळताना स्टडच फिरत बसतो. जुने काढायला आणि नवे बसवायला हब प्रेसवर न्या. हातोड्याने ठोकलं की बेअरिंगचे गोळे आपल्या खोबणीत खड्डा पाडतात आणि महिन्याभराने गुरगुर सुरू होते. सगळे एकाच वेळी बदला, जुने-नवे मिसळू नका.

आणि नट बघा. बंद तोंडाचे चकचकीत नट असतील तर लांब स्टडचं टोक आतल्या टोपीला टेकतं. पाना 'घट्ट' सांगतो, चाक मात्र सैलच असतं. एक नट चाकाशिवाय नुसता स्टडवर फिरवून किती आत जातो ते मोजा, किंवा सरळ उघड्या तोंडाचे नट वापरा. नटाचा शंकू रिमच्या खाचेशी जुळतो का हेही बघायचं. शंकूच्या खाचेत गोल बुडाचा किंवा सपाट नट म्हणजे फक्त एका रेषेवर टेकलेला नट.

चढवणं

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासा, गंजाचा शेवटचा तपकिरी ठिपका जाईपर्यंत. मी यावर प्रत्येक चाकाला वीस मिनिटं घालवली आणि नटांवर पाच. स्पेसरला रंग दिलेला असेल तर दोन्ही चेहऱ्यांवरचा काढा. रिमची पाठही पुसा. पावडर कोटिंग करून आणलेल्या रिमवर तिथे जाड थर असतो, तो हमखास चेपतो.

स्पेसर हबवर ठेवा आणि नुसत्या हाताने दाबून एका कडेने टिचकी मारा. खडखडला तर खाली काहीतरी आहे. काढा आणि शोधा. उंचवट्याच्या काठावर अँटिसीझ पेस्टचं बोट फिरवा, म्हणजे पावसाळ्यानंतर अॅल्युमिनियम लोखंडाला चिकटून बसणार नाही. टेकणाऱ्या चेहऱ्यावर ती लावू नका. आट्यांवर तेल-ग्रीसही नको. तेलकट आट्यांवर त्याच जोरात स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

चाक चढवा, चारही नट हाताने शेवटपर्यंत न्या. मग पान्याने समोरासमोर, थोडं-थोडं. गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर आला की कळवणारा पाना) शेवटचा आवळा, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला. टॉर्क पाना विकत घ्यायला नको वाटत असेल तर मागून आणा, पण हवाच. अंदाज यावा म्हणून सांगतो: ४० सेंटीमीटरच्या दांड्यावर साधारण वीस किलोचा भार म्हणजे ८० न्यूटन-मीटरच्या आसपास. पान्यावर पाय देऊन उभं राहणारा माणूस याच्या तिपटीला जातो. हवेची बंदूक शेवटच्या आवळणीला नकोच.

घासतंय का, ते कणकेने तपासा

चाक बाहेर आलं की आतलं घासणं थांबतं आणि बाहेरचं सुरू होतं. घट्ट भिजवलेल्या कणकेचे सुपारीएवढे गोळे करा आणि मडगार्डच्या आतल्या कडेला चार-पाच ठिकाणी चिकटवा. मागे तीन माणसं बसवा, डिकीत कांद्याची दोन पोती टाका. आपल्या मार्केट यार्डात ती मागायला लाजायचं कारण नाही. मग मैदानात दोन्हीकडे पूर्ण स्टेअरिंग मारून फिरवा, दोन-तीन गतिरोधक घ्या. उतरून गोळे बघा. चेपलेल्या गोळ्याची उरलेली जाडी हीच तुमची मोकळी जागा. सहा-सात मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर मला समाधान वाटणार नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना ब्रेकचा होज ताणतो का, बॅलन्सिंगचं शिसं कॅलिपरला लागतं का, हेही तेव्हाच.

चाक उचलून त्याच्या काठाजवळ घोडीला बांधलेला स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि चाक हाताने फिरवा. टोक आणि रिम यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

नंतर

पहिले पन्नास किलोमीटर गावातच. सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर, जिथे गाडी केव्हाही थांबवता येते. घरी या, चाकं गार होऊ द्या, पुन्हा टॉर्क पाना. माझे दुसऱ्या वेळचे नट चारांपैकी एका चाकावर जवळपास पाव फेरा आणखी गेले, आणि ते एवढं घासूनपुसून. पाचशे किलोमीटरला परत. तिथे हलले नाहीत तर वर्षातून दोनदा पुरे. मी एक फेरी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर आणि एक पाऊस संपल्यावर ठेवली आहे. पाऊस संपल्यावर स्पेसर पूर्ण काढतो, कारण काळी माती रिमच्या आत थापून वाळते आणि चाक बॅलन्सच्या बाहेर जातं. वर्षातून एकदा भोकांभोवती तडा बघायचा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात लाल शाई आणि पांढऱ्या भुकटीचे स्प्रे मिळतात. लाल मारा, पुसा, पांढरा मारा. तडा असला तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागतेच. मी तपासणीला मूळ स्टीलची चाकं घालूनच जातो, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवला आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ रूपात असावी लागते, तेव्हा तिथे स्पेसर नकोच.

राहता राहिली स्टेपनी. माझी अजून जुन्या स्टीलच्या रिमची आहे. तिला स्पेसर नको आणि लांब स्टडवर तिचे जुने बंद नट पुरे बसत नाहीत. म्हणून तिच्यासाठी उघड्या तोंडाचे चार नट कापडी पिशवीत घालून जॅकला बांधून ठेवलेत. पंक्चरवाल्याने चाक काढलं की चकती गळून मातीत पडते आणि तो ती भलत्याच बाजूने किंवा मातीसकट परत लावतो, हे एकदा विजापूर रोडला पाहिलं. तेव्हापासून डिकीच्या झाकणाला आतून ऑइल पेंटने लिहून ठेवलंय: 'चाकामागे चकती आहे. पुसून लावणे. बंदूक लावू नये. नट दहा फेरे बसले पाहिजेत.'